स्वतःचा दोष सांगणारा यांत्रिक झाडू

सन 2002 मध्ये अमेरिकेत ‘रूम्बा’ हा स्वयंचलित झाडू विक्रीस आला. अशा यंत्रांच्या तळाशी अवरक्त किरणांचे संवेदक असतात. जमिनीवरून किरण परतला नाही, की पुढे पायरी आहे असे समजून यंत्र मागे सरते अथवा थांबून दोष कळविते. मात्र हे निदान अंतिम मानू नये. संवेदकावर धूळ बसली किंवा काळ्या सतरंजीने किरण शोषून घेतला, तरी यंत्राची तक्रार तीच असते. म्हणून दुरुस्तीवर खर्च करण्यापूर्वी यंत्र बंद करून संवेदक कोरड्या, मऊ फडक्याने पुसावेत व यंत्र फिक्या रंगाच्या फरशीवर चालवून पाहावे. तेथे ते सुरळीत चालल्यास दोष धुळीचा किंवा सतरंजीचा असू शकतो. काही जण संवेदकांवर कागद चिकटवितात. जिना असलेल्या घरात या युक्तीने यंत्र थेट खाली कोसळते.