दोन पेट्या, एक कळ

घरात थिएटर आणून बसविण्याची हौस आपल्याकडे आता नवी राहिलेली नाही. भिंतीएवढा टेलिव्हिजन, त्याच्याखाली रिसीव्हर नावाची जाडजूड पेटी आणि खोलीच्या कोपऱ्यांत पहारेकऱ्यांसारखे उभे असलेले पाच-सात स्पीकर, हे दृश्य पुण्या-मुंबईच्या पुष्कळ दिवाणखान्यांत दिसते. पण तेवढ्यावर थांबली तर ती हौस कसली! मोठ्या स्पीकरांना रिसीव्हरच्या पोटातला अॅम्प्लिफायर पुरेसा वाटत नाही, म्हणून स्वतंत्र अॅम्प्लिफायर घरी येतो. (कोशात ह्याला ‘प्रवर्धक’ म्हणतात. मी मराठी शिकवतो खरा, पण दुकानात जाऊन ‘एक प्रवर्धक दाखवा’ म्हणण्याचे धाडस मला अजून झालेले नाही.) रिसीव्हरने आवाज निवडायचा, लहानमोठा करायचा आणि पाठीमागच्या ‘प्री-आउट’मधून पुढे धाडायचा, अॅम्प्लिफायरने त्याला बळ द्यायचे, अशी ही कामाची वाटणी.

आणि वाटणी झाली की संसारातला जुना प्रश्न आलाच! एक उठला, तर दुसऱ्याला उठवायचे कोणी? रिसीव्हर रिमोटने जागा होतो. अॅम्प्लिफायरला बहुधा रिमोट नसतो, आणि त्याची कळ कित्येकदा पाठीमागे असते.

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी भाच्याने असा एक अॅम्प्लिफायर आणला. धूड असे की, कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवरच ते ठेवता आले. तिच्या सासूबाई, माई, ऐंशीच्या पुढच्या. डोळ्यांना कमी दिसते, गुडघे वाकत नाहीत. दुपारी घर रिकामे झाले की रिमोटचे ठरलेले बटण दाबायचे आणि बालगंधर्व किंवा माणिक वर्मा ऐकत बसायचे, हा त्यांचा विरंगुळा. नवी पेटी आल्यापासून बटण दाबले की रिसीव्हरचा दिवा लागे, पडद्यावर सारे ठीक दिसे, आणि आवाज मात्र नाही. समोरचे दोन्ही स्पीकर आता खालच्या झोपलेल्या पेटीला जोडलेले होते ना! माईंनी तक्रार केली नाही. त्या पिढीला ती सवयच नाही. ‘हल्ली ऐकावंसं वाटत नाही ग,’ एवढेच म्हणाल्या. बहिणीला वाटले, आता कानही गेले. कानांच्या डॉक्टरांची वेळसुद्धा तिने घेऊन टाकली.

खरा प्रकार उमगल्यावर भाच्याने उपायांचा सपाटा लावला. दुकानदाराचा सल्ला होता, ‘पेटी चालूच ठेवा.’ सल्ला सोपा, पण बिल ज्याचे त्याला! अॅम्प्लिफायर नुसता बसून साठ वॉट खात असेल, तर वीस तासांत सव्वा युनिटाच्या आसपास वीज जाते, महिन्याची छत्तीस युनिटे. शिवाय बंद कपाटात ऊब साचते ती वेगळी.

दुसरा उपाय म्हणजे एक चतुर पट्टी. तिच्या पहिल्या प्लगातून प्रवाह वाढला की बाकीचे प्लग आपोआप सुरू होतात. कल्पना नामी आहे. परंतु मोठा अॅम्प्लिफायर सुरू होताना क्षणभर भसकन वीज ओढतो, आणि हलक्या पट्टीतले संपर्क त्या धक्क्याने जळतात वा चिकटून बसतात. जुन्या रिसीव्हरांच्या पाठीवर दुसऱ्या यंत्रासाठी एक प्लग असे, पण त्यावर किती वॉटांचा भार चालेल तेही तिथेच छापलेले असे. बलदंड अॅम्प्लिफायरला तो सहसा पुरत नाही.

काही अॅम्प्लिफायर गाण्याची चाहूल लागली की स्वतःच जागे होतात आणि काही मिनिटे शांतता मिळाली की झोपतात. सिनेमाच्या दणदणाटाला हे ठीक. पण माई ऐकणार हलक्या आवाजात; तंबोऱ्याच्या नुसत्या गुणगुणण्याने ह्या कुंभकर्णाला जाग येत नाही, आणि जाग येईपर्यंत सुरुवातीचा षड्ज हरवलेला असतो.

शेवटी कामी आली ती एक बारीक तार. बऱ्याच रिसीव्हरांच्या मागे ‘ट्रिगर आउट’ अशी अक्षरे असलेले साडेतीन मिलिमीटरचे छिद्र असते. रिसीव्हर सुरू झाला की तिथे १२ व्होल्टचा दाब येतो. बंद झाला की नाहीसा होतो. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप. नाव अगदी चपखल आहे, कारण चाप ओढायला बोटभर जोर लागतो. गोळीचे बळ दारूत असते. ह्या तारेतून अॅम्प्लिफायरची वीज जात नाही, जातो फक्त निरोप. पलीकडच्या ‘ट्रिगर इन’मध्ये तो पोचला की आतला रिले मुख्य वीज जोडून देतो.

हा रिलेही काल-परवाचा नव्हे. जोसेफ हेन्री ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८३५ च्या सुमारास त्याचा उपयोग करून दाखविला. दुरून थकून आलेल्या क्षीण प्रवाहाने नुसता एक खटका हलवायचा आणि ताज्या प्रवाहाला वाट करून द्यायची, ही युक्ती पुढे तारायंत्राच्या कामी आली. ‘रिले’ हा शब्द मूळचा टप्प्यावर बदलायच्या ताज्या घोड्यांचा, हे कळल्यावर मला त्या पेटीविषयी थोडी आपुलकी वाटू लागली.

तार लावून मात्र भागत नाही. रिसीव्हरच्या यादीत जाऊन ट्रिगर कोणत्या खोलीसाठी चालू करायचा ते सांगावे लागते, आणि अॅम्प्लिफायरमागचा खटका ‘ट्रिगर’कडे वळवावा लागतो. ज्या अॅम्प्लिफायरला ही सोय नाही, त्याच्यासाठी १२ व्होल्टचा स्वतंत्र रिले बसविता येतो. पण तिथे २३० व्होल्टशी गाठ असते, तेव्हा ते काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. रिले भक्कम हवा आणि त्याचे वेटोळे थोडक्या प्रवाहावर चालणारे हवे, कारण ट्रिगरमधून सहसा शंभर-दीडशे मिलिअँपिअरपलीकडे काही मिळत नाही.

आता माई बटण दाबतात, खालून ‘टक्’ असा आवाज येतो आणि मग तंबोरे सुरू होतात. त्या ‘टक्’ला त्या ‘उठला मेला!’ म्हणतात. कानांच्या डॉक्टरांकडे बहीण त्यांना घेऊन गेलीच. वेळ घेतली होती ना!