शेळ्या सोडल्या की रान साफ होतं?

भातकापणी उरकली की घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. पेण-रोह्याच्या खाचरांत कळप बसतो, धसकटं नि बांधावरचं गवत खातो, लेंडीखत टाकतो. गवत-झुडपं आटोक्यात ठेवायला जनावरं ठरावीक जागी, ठरावीक दिवस चारणं म्हणजे नियंत्रित चराई.

ही चराई दाढीसारखी असते. वरचं निघतं, मूळ राहतं. म्हणून एकाच फेरीत पडीक जमीन मोकळी होईल, ही समजूत बरोबर नाही. मूळ थकेपर्यंत पुन्हापुन्हा चारावं लागतं. शिवाय जनावरागणिक आवड वेगळी. मेंढी मान खाली घालून गवत खाते. शेळी मागच्या पायांवर उभी राहून करवंदीच्या जाळीतला कोवळा पाला ओरबाडते.

घाणेरीपासून (टणटणी) मात्र फार जपावं. जनावर विषारी झाड ओळखतं, हा भरवसा उपाशी कळपाबाबत धरू नये. तिच्या पाल्याने यकृत बिघडतं, कावीळ होते, प्रकाशसंवेदनशीलता (उन्हाने कातडी भाजणं) येते. रानमोडीला तर जनावरं सहसा तोंडच लावत नाहीत. ही दोन्ही झुडपं माणसानेच मुळासकट उपटून बाहेर काढावीत, मग कळप आत घ्यावा.