मापाने शिवलेली गाणी

'हाउंड डॉग' हे गाणं आधी बिग मामा थॉर्नटनच्या आवाजात ऐकावं आणि लगोलग एल्विस प्रेसलीच्या. शक्यतो रात्री, हेडफोन लावून. थॉर्नटनचं गाणं रेंगाळत येतं. पीट लुइसची गिटार मागे कुरकुरत असते, टाळ्या पडतात आणि एक धिप्पाड बाई दारात ठाण मांडून एका ऐतखाऊ पुरुषाला हाकलत असते. कुत्रा म्हणजे तोच. शेवटी शेवटी तर वादक मंडळी चक्क भुंकायला लागतात. एल्विसचं गाणं सुरू होतं तेच अंगावर धावून. डी. जे. फोंटानाचा ड्रम कडाडतो, आणि बाई गायब! दार गायब, ऐतखाऊही गायब. उरतो एक नुसताच कुत्रा, ज्याला साधा ससा धरता येत नाही.

नाव तेच, लिहिणारे तेच. मग मधल्या चार वर्षांत गाण्यातली बाई गेली कुठे?

लिहिणारे म्हणजे जेरी लीबर आणि माइक स्टोलर. शब्द लीबरचे, पियानो स्टोलरचा. दोघंही 1933 चे, ज्यू घरांतले, आणि कृष्णवर्णीयांच्या ब्लूजने झपाटलेले. ऑगस्ट 1952 मध्ये लॉस एंजेलिसला बँडमास्टर जॉनी ओटिसने त्यांना थॉर्नटनला ऐकायला बोलावलं. एकोणीस वर्षांची पोरं ती. बाईंचा आवाज आणि एकूण अवतार बघून हादरलीच. घरी परतताना लीबर गाडीच्या टपावर ताल धरत शब्द जुळवत होता, आणि पोचल्यावर पंधराएक मिनिटांत गाणं उभं राहिलं. थॉर्नटनने ते आधी चक्क गोड, आळवून म्हणायला घेतलं. तेव्हा हे असं नव्हे, हे सांगायला त्या काटकुळ्या पोराला तिच्यासमोर गाऊन दाखवावं लागलं. काय धाडस असेल ते!

आम्ही गाणी लिहीत नाही, रेकॉर्ड लिहितो, असं ही जोडी पुढे सांगायची. म्हणजे गाणं कुणाच्या गळ्यासाठी, कुठल्या वाद्यांवर, किती वेगात, हे सगळं ठरवूनच लिहायचं. शिंपी जसं एकाच अंगाचं माप घेऊन शिवतो तसं. आपली बंदिश मुळातच सैल असते. ग्वाल्हेरवाल्याने गावी, किराण्यावाल्यानेही गावी. भावगीताचं उलट, तिथे गायक ठरलेला, दुसऱ्याने गायलं की आपण आधी मान हलवतो आणि मग 'पण मूळ ते मूळच' म्हणतो. लीबर-स्टोलरचं काम भावगीताच्या घट्ट मापाचं, पण नशीब मात्र बंदिशीचं. मला याचंच नवल वाटत आलं आहे.

यामागे एक रुक्ष कायदाही आहे. अमेरिकेत 1909 पासून नियम असा, की गाणं एकदा ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आलं की पुढे कुणीही ते नव्याने गाऊन विकू शकतो. परवानगी लागत नाही, ठरलेला मोबदला भरला की झालं. हा दर 1978 पर्यंत प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट होता. हे पैसे जायचे गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकाकडे. ज्या गळ्यासाठी गाणं बेतलं त्या गळ्याला त्यातलं काहीही नाही. थॉर्नटनची रेकॉर्ड 1953 मध्ये रिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे पहिली होती; आपल्याला एकदा 500 डॉलरचा चेक मिळाला तेवढाच, असं ती सांगायची.

एल्विसने गाणं तिच्याकडून उचललं असा समज आहे, तो अर्धाच खरा. त्याला ते भेटलं 1956 मध्ये लास व्हेगासला. तिथे फ्रेडी बेल आणि त्याची मंडळी ते हसवण्यासाठी म्हणत होती. पुरुषाच्या तोंडी बाईचा तो राग चालणार कसा? म्हणून शब्द बदलले आणि ससा आला. एल्विसने 2 जुलैला न्यूयॉर्कमध्ये हीच आवृत्ती तब्बल 31 वेळा गाऊन मुद्रित केली.

त्याच महिन्यात स्टोलर बायकोबरोबर युरोपहून आंद्रेआ डोरिया या जहाजाने परतत होता. 25 जुलैच्या रात्री धुक्यात दुसरं जहाज येऊन धडकलं आणि सकाळी डोरिया बुडालं. नवरा-बायको एका मालवाहू जहाजातून न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागले, तर लीबर कोरडे कपडे घेऊन हजर, आणि बातमी द्यायला उतावीळ: 'हाउंड डॉग' तुफान चाललंय. स्टोलरला वाटलं, थॉर्नटनचंच. छे, कुणी एल्विस प्रेसली म्हणून गोरा पोरगा आहे! ते ध्वनिमुद्रण स्टोलरला अजिबात आवडलं नाही. लाखो प्रती खपल्यावर मात्र बरं वाटायला लागलं, अशी कबुली त्याने पुढे हसत हसत दिली.

'लव्ह मी'ची गंमत तर आणखी वेगळी. रडक्या कंट्री गाण्यांची टिंगल म्हणून दोघांनी ते लिहिलं होतं. एल्विसने ते जीव ओतून गायलं आणि ऐकणाऱ्यांनी डोळे पुसले. टिंगलीतली टिंगल गळून पडायला एक प्रामाणिक गळा पुरला. आणि 'आय कीप फर्गेटिन' 1962 मध्ये चक जॅक्सनकडे होतं; त्याचाच धागा 1982 मध्ये मायकल मॅकडोनाल्डच्या हिट गाण्यात आला, आणि त्या गाण्याचा तुकडा कापून 1994 मध्ये वॉरन जी आणि नेट डॉग यांनी 'रेग्युलेट' हे रॅप रचलं. टोळीवाल्यांची लूटमार आणि गोळीबार, आणि खाली वाजतोय एक विरह.

पण मला सर्वांत जास्त गुंगवतं ते 'स्टँड बाय मी'. ऑक्टोबर 1960 मध्ये बेन ई. किंग अर्धवट झालेलं गाणं घेऊन आला, तिघांनी ते पुरं केलं आणि स्टोलरने त्याला खालच्या पट्टीतली ती बेसची चाल दिली. ती चाल म्हणजे निव्वळ लेहरा आहे. तबलजी वर काय वाटेल ते करो, लेहरा जसा हलत नाही, तशी तीही हलत नाही. चार कॉर्डचं एकच चक्र पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरत राहतं, ध्रुपदालाही बदलत नाही. म्हणून वर कुणीही उभं राहावं: 1975 मध्ये घसा ताणून गाणारा जॉन लेनन, किंवा 1986 मध्ये याच नावाच्या चित्रपटामुळे पंचवीस वर्षांनी पुन्हा पहिल्या दहांत आलेला खुद्द बेन ई. किंग.

या गाण्याच्या मुळाशी आहे फिलाडेल्फियाचे पाद्री चार्ल्स टिंडली यांचं 1905 चं एक भजन. त्यात साद आहे देवाला. तोच भाव घेऊन किंगने हाक मारली प्रेयसीला. मग 19 मे 2018 रोजी विंडसरच्या चर्चमध्ये, राजपुत्र हॅरीच्या लग्नात, कॅरेन गिब्सनच्या किंगडम क्वायरने ते गायलं. लीबर 2011 मध्येच गेला होता, स्टोलर 85 वर्षांचा होता. गायक मंडळी गॉस्पेलची, समोर वेदी, गाणं माहेरी परतलं होतं. अंगावर दागिने मात्र सगळे सासरचे.