अक्षता पिकतात तिथे

वाशिम जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्या घरांना भाताचे शेत पाहण्याचा योग सहसा येत नाही. आपली काळी जमीन सोयाबीन, तूर आणि कापसाची. कारंज्यातील आमच्या दुकानात दोन पिढ्या तांदूळ विकला गेला, परंतु तो पोत्यात शिवूनच आलेला. आयुष्यभर तळहातावर नमुना घेऊन तांदूळ पारखणाऱ्या वडिलांनी उभे धान कधी पाहिले नव्हते. चातुर्मास संपला आणि त्यांनी आपण होऊन विषय काढला, ‘‘एकदा वैनगंगेकडे जाऊन येऊ.’’

नाते तसे जुनेच. कारंज्याजवळून वाहणारी अडाण पुढे पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला. आणि वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते. आपले पाणी शेवटी त्यांच्याच पाण्याला जाऊन मिळते.

भंडारा जिल्ह्यातील पवनीला आम्ही सकाळी पोहोचलो. जुन्या किल्ल्याचे दार, प्राचीन स्तूपांच्या अवशेषांसाठी प्रसिद्ध असलेला परिसर, आणि खाली वैनगंगेचे संथ, रुंद पात्र. त्यावर धुक्याचा पातळ पदर होता. गावाबाहेर पडताच दोन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या सुरू झाल्या. पाणी अडवणाऱ्या बुटक्या बांधांनी आखलेले ते पिवळे चौकोन नजर पोहोचेल तिथवर होते. या मुलखात कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव आजही धानाला पाणी देतात. सुवासिक चिन्नोर तांदूळ याच भागातला.

हलके धान दिवाळीच्या आसपास निघते, भारी धान त्यानंतर. आम्ही गेलो तेव्हा भारी धानाची कापणी चालू होती. विळ्याने कापलेले धान लगेच उचलत नाहीत. ते तीन-चार दिवस बांधीतच उन्हात पसरून ठेवतात. त्याला तिकडे कडपा म्हणतात. वाळल्यावर भारे बांधून पुंजणे रचायचे, मग मळणी.

ज्यांच्या शेतावर आम्ही थांबलो, ते वयस्कर शेतकरी वडिलांना म्हणाले, ‘‘शेठजी, हे चार दिवस कोरडे गेले की वर्षाचं झालं समजा.’’

दुपारी दोनच्या सुमारास नदीपलीकडून ढग आले.

नंतरचा तास विसरता येणार नाही. कडपा गोळा करायला घरची माणसे, मजूर, शाळेतून आलेली मुले, सारी धावली. आम्हीही उतरलो, आमच्या हाताला वळण नव्हते, भारे सुटत होते. वडील बांधावर बसून पाहत राहिले. पाऊस अर्धा तासच पडला, पण निम्मी बांधी तोवर उघडीच होती.

भिजल्याने काय होते, हे त्या गृहस्थांनी नंतर समजावून सांगितले. ओल टिकली तर लोंबीतच दाण्याला कोंब येतो. कोंब आला नाही तरी वाळलेला दाणा पुन्हा पाणी पितो, आतून बारीक तडकतो आणि गिरणीत त्याची कणी होते. शिवाय सरकारी खरेदीत सतरा टक्क्यांवर ओलावा असलेले धान घेत नाहीत.

मी गप्प झालो. आदल्या वर्षी एका खेपेत कणी फार निघाली म्हणून भाव तोडणारे पत्र मीच लिहिले होते. व्यवहार म्हणून ते चुकले असे आजही म्हणवत नाही. पण ती कणी कुठे आणि कशी होते, हे मला ठाऊक नव्हते. अष्टद्रव्यांतील अक्षत म्हणजे न तुटलेला दाणा. तुसासह धान पेरले तर उगवते, तूस निघालेला तांदूळ उगवत नाही. म्हणून तो पुनर्जन्म नसलेल्या अक्षयपदाचे प्रतीक, हे आपण पाठशाळेत शिकतो. मात्र त्या दाण्याचे अखंडपण कार्तिकातल्या चार कोरड्या दिवसांवर उभे असते, हे मला त्या बांधावर कळले.

सूर्यास्तापूर्वी भोजन उरकून आम्ही निघालो. निघताना वडिलांनी एवढेच विचारले, ‘‘भिजलेलं कोणत्या भावाने द्याल?’’

‘‘जो मिळेल त्या.’’

कारंज्यापर्यंत वडील फारसे बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे आई पूजेचे तांदूळ निवडायला बसली, तेव्हा ते चष्मा लावून तिच्याशेजारी बसले आणि एकेक कणी वेगळ्या वाटीत टाकू लागले.