काळी नसलेली काळी बुरशी

२०२१च्या उन्हाळ्यात अंबाजोगाईच्या ‘स्वाराती’ रुग्णालयात म्युकरमायकोसिससाठी वेगळा वॉर्ड करावा लागला. एरवी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना क्वचितच दिसणारा हा आजार. लोकांनी नाव ठेवलं ‘काळी बुरशी’. पण ही बुरशी काळी नसतेच! ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त गोठतं, पुरवठा तुटतो आणि मेलेली ऊती काळी पडते.

बुरशी तशी आपल्या ओळखीचीच. उकिरड्यात, कुजलेल्या पाल्यात, मातीत असते. निरोगी शरीर तिला दाद देत नाही. बेसुमार वाढलेली साखर आणि कोरोनात दिलेली स्टिरॉइडं यांनी मात्र तिला रान मोकळं करून दिलं.

एका बाजूचा गाल दुखणं, नाकातून काळपट स्राव, हलणारे दात, डोळ्याला सूज ही लक्षणं. दुर्बिणीतून नाकातला तुकडा काढतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. पेशी विरघळतात, बुरशीचे रुंद, जवळजवळ काटकोनात फुटलेले धागे उरतात. निदान तासाभरात होऊ शकतं.

नुसत्या औषधाने भागत नाही, कारण मेलेल्या भागात रक्तच नाही, मग औषध पोचणार कसं? म्हणून आधी तो भाग खरवडून काढायचा, कधी टाळू, कधी डोळाही. सोबत अँफोटेरिसिन-बी हे बुरशीविरोधी औषध, मूत्रपिंडावर नजर ठेवून.