बारा मोटांच्या विहिरीतला उजेड

साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटांची विहीर वीरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधून घेतली. भर दुपारी तिच्या तोंडावर ऊन कोसळत असते आणि कमानीखालच्या जिन्यात जेमतेम पायरी दिसते. या दोन टोकांतला उजेडाचा फरक हजारपटीच्या घरात जाऊ शकतो, म्हणजे दहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). रंगीत स्लाइडची फिल्म पाच-सहा स्टॉपांपलीकडे तपशील धरत नसे, त्यामुळे आकाश जाळायचे की कोरीव काम काळोखात सोडायचे, एवढीच निवड हाती उरे. ही कोंडी एक्स्पोजर ब्रॅकेटिंगने, म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो घेऊन ते एकत्र करण्याने, फोडली. मात्र नोंद ठेवण्याचे हे साधन आपण बराच काळ सजावटीसाठी वापरले आणि त्यातच त्याचे नाव खराब झाले.

कल्पना जुनीच. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे 1850च्या दशकात समुद्र आणि आकाश वेगवेगळ्या निगेटिव्हवर घेऊन एकत्र छापत असे. 1997 मध्ये डेबेवेक आणि मलिक या संशोधकांनी निरनिराळ्या एक्स्पोजरच्या फोटोंवरून दृश्यातला प्रत्यक्ष उजेड कसा मोजून काढायचा ते दाखवले. कृती सोपी आहे: कॅमेरा ट्रायपॉडवर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ कायम, बदलायचा तो फक्त शटर, समजा 1/250, 1/60 आणि 1/15. अडचण पुढे येते. इतका मोठा पल्ला पडद्यावर किंवा कागदावर मावत नाही, तो दाबावा लागतो. हे टोन मॅपिंग हाताबाहेर गेले की कठड्याभोवती पांढरी प्रभा उमटते, दगड प्लास्टिकसारखा चकाकतो, ढग राखाडी होतात. दोष दाबण्याचा, बोल मात्र ब्रॅकेटिंगला लागला. 2007 मध्ये मांडली गेलेली एक्स्पोजर फ्यूजनची पद्धत प्रत्येक फोटोतला नीट उजळलेला भाग अधिक वजनाने मिसळते, आणि चित्र बरेच नैसर्गिक राहते.

काळोख हेच तर जुन्या वास्तूचे सत्य, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. सांगली जिल्ह्यातल्या दंडोबाच्या डोंगरातले गुहामंदिर शोरूमसारखे उजळून टाकणे हा त्या जागेवर अन्यायच. पण माणसाचा डोळाही पायऱ्या उतरताना अंधाराला सरावतो आणि हळूहळू सगळे पाहतो. शिवाय तीन फोटोंत अंधाराचा फोटोही असतोच. किती उजळायचे ते नंतर ठरवता येते. आता हे काम फोन करतो, हा दुसरा आक्षेप. 2010 मध्ये आयफोनमध्ये एचडीआर, म्हणजे वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो आपोआप एकत्र करण्याची सोय, आले, 2013 मध्ये गूगलने एकसारखे, कमी एक्स्पोजरचे अनेक फोटो जुळवण्याची वाट धरली. कासच्या पठारावर वाऱ्याने फुले हलत असताना ब्रॅकेटिंगमध्ये एका फुलाची दोन होतात. तिथे फोनच बरा, हे मान्य. लिंबचा दगड मात्र हलत नाही. आणि फोनच्या फोटोत काय उजळायचे ते फोनने आधीच ठरवलेले असते. दहा वर्षांनी कमानीचा एखादा सांधा उघडला आहे का हे ताडून पाहायचे, तर त्याच जागेवरून, त्याच वेळी घेतलेल्या तीन रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइल्स हव्यात, शटरच्या आकड्यांसकट.