बाबांची प्रिंट

माझं माहेर सावरगावचं. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा आणि दुसऱ्या काठाला आम्ही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे आमच्या गावाचं नाव वर्षातून एकदा बातम्यांत येतं. एरवी सांगावं लागतं, की नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसा आणि पांढुर्ण्याला उतरा. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. त्यामुळे घरात मराठी, शाळेत हिंदी आणि टॉकीजमध्येही हिंदीच.

त्या टॉकीजमध्ये माझे बाबा ऑपरेटर होते. रोज संध्याकाळी सायकलवर नदी ओलांडून जायचे आणि शेवटचा खेळ संपवून मध्यरात्रीनंतर परत यायचे. आज ते ७९ वर्षांचे आहेत. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत, कानांनी कमी ऐकू येतं, पण सिनेमाचा विषय निघाला की उठून बसतात.

आपल्या मंडळाच्या गेल्या स्नेहमेळाव्यात मी बाबांसाठी केलेल्या एका उद्योगाबद्दल बोलले, तेव्हा कॉलेजातल्या मुलांनी दोन प्रश्न विचारले. "काकू, डिस्क अजून मिळतात?" आणि "कॉपी करणं कायदेशीर आहे का?" दोन्ही प्रश्न रास्त होते. म्हणून हा लेख.

घासलेली प्रिंट

बाबा सिनेमाला कधी सिनेमा म्हणत नाहीत, 'प्रिंट' म्हणतात. आमच्याकडे येणारी प्रिंट नवी कधीच नसायची. मोठ्या शहरांत चालून चालून घासली की मग लोखंडी डब्यांतून रेल्वेने पांढुर्ण्याला यायची. पडद्यावर उभ्या रेघा, मध्येच तुटलेले संवाद, जोडलेल्या जागी उडी मारणारं चित्र. बाबा दुपारभर बसून तुटलेली फिल्म जोडायचे.

१९८३ च्या सुमारास त्यांनी 'गांधी' लावला, हिंदीत डब केलेला. हा चित्रपट १९१ मिनिटांचा आहे. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे साधारण १७ हजार फूट फिल्म. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका दिसतो. तो दिसला की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची. काही सेकंदांनी पुन्हा ठिपका येतो आणि त्या क्षणी इकडचा उजेड बंद, तिकडचा चालू. प्रेक्षकाला काही कळता कामा नये. बाबांनी 'गांधी' शंभरदा तरी लावला असेल, पण पाहिला तो असा, कोपऱ्याकडे नजर ठेवून आणि घासलेल्या प्रिंटवर.

म्हणून काही वर्षांपूर्वी या चित्रपटाची फोर-के डिस्क निघाल्याचं कळलं, तेव्हा मी ती परदेशातून येणाऱ्या मैत्रिणीकडून मागवली. बाबांना एकदा स्वच्छ प्रिंट दाखवायची, एवढाच हेतू.

डिस्कवर असतं काय?

अल्ट्रा एचडी ब्लू-रे २०१६ मध्ये बाजारात आली. दिसायला सीडीएवढीच, १२ सेंटिमीटरची. पण तिच्यात ५०, ६६ किंवा १०० जीबी मावतात. आपल्याकडच्या डीव्हीडीच्या चित्रात सुमारे ४ लाख ठिपके असत. फुल एचडीत ते २१ लाखांच्या आसपास जातात आणि या डिस्कवर सुमारे ८३ लाख. रंगांच्या छटा १०७ कोटींपर्यंत. शिवाय एचडीआरमुळे दिव्याची ज्योत आणि तिच्यामागचा अंधार, दोन्ही एकाच वेळी नीट दिसतात.

"पण फोर-के तर मोबाइलवरही येतं," असं मुलं म्हणाली. येतं, पण आकार आणि ऐवज यांत फरक आहे. नेटफ्लिक्स फोर-के साठी सेकंदाला १५ मेगाबिट वेगाचं इंटरनेट पुरे म्हणतं. डिस्कवरून तोच प्रवाह १०० मेगाबिटच्या पुढेही जाऊ शकतो. आणि आज ऑनलाइन असलेला चित्रपट उद्या तिथे असेलच असं नाही. डिस्क मात्र कपाटात राहते. या डिस्कला जुन्या ब्लू-रेसारखे देशांचे विभागही नाहीत, कुठलीही डिस्क कुठल्याही देशातल्या प्लेअरवर चालते.

अडचण प्लेअरचीच आहे. सॅमसंगने नवे ब्लू-रे प्लेअर आणणं २०१९ मध्ये थांबवलं. संगणकावर अधिकृत मार्गाने ही डिस्क पाहायची, तर प्रोसेसरमध्ये एसजीएक्स नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि २०२१ नंतरच्या घरगुती प्रोसेसरमधून ती सोयच गेली. म्हणजे वस्तू तुमची, पण ती उघडणारी किल्ली बाजारातून हळूहळू नाहीशी होत चाललेली. माझा एकुलता एक प्लेअर इथे बंगळूरला. तो सावरगावला नेऊन ठेवला तरी बाबांच्या थरथरत्या बोटांना डिस्क धरता येत नाही, आणि गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून मी प्रत करायचं ठरवलं.

माझे तीन अपयशी प्रयोग

कृती ऐकायला सोपी आहे. अल्ट्रा एचडी डिस्क वाचू शकणारी ड्राइव्ह लागते (साध्या ब्लू-रे ड्राइव्हना ती वाचता येत नाही), डिस्कवरचा मजकूर फाइलच्या रूपात उतरवणारं मेकएमकेव्हीसारखं सॉफ्टवेअर लागतं आणि भरपूर जागा लागते. तासा-दीड तासात फाइल तयार होते. ती ५० जीबीच्या वर गेली. खरी कसरत त्यानंतर सुरू झाली.

पहिल्यांदा मी हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने फाइल आवळून ८ जीबीची केली. संगणक रात्रभर गुरगुरत होता. ती पेनड्राइव्हवर टाकायला गेले तर जाईना. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावतच नाही. एक्स-फॅट पद्धतीने पुन्हा फॉरमॅट केल्यावर काम झालं.

घरी जाऊन भावाच्या नव्या ४३ इंची टीव्हीला लावलं. चित्र सुरू, आवाज गायब! डिस्कवरचा उच्च प्रतीचा आवाज अनेक टीव्हींना पेनड्राइव्हवरून वाचता येत नाही. प्रत करताना सोबतचा साधा डॉल्बी डिजिटल ट्रॅकही निवडायला हवा होता. सबटायटलचंही तेच. डिस्कवर ती अक्षरं नसतात, अक्षरांची चित्रं असतात, आणि बऱ्याच टीव्हींना ती दिसत नाहीत. कमी ऐकू येणाऱ्या माणसासाठी तर तीच जास्त गरजेची. बाबांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो, म्हणून मी आणि भाच्याने बसून त्यांची हिंदी फाइल तयार केली. दोन सुट्ट्या त्यात गेल्या.

तिसरं अपयश बाबांनीच दाखवून दिलं. आवाज आला, अक्षरं आली, सगळे खूश. बाबा मात्र पाच मिनिटं पाहून म्हणाले, "हे चित्र धुतलेलं कायले दिसून राह्यलं?"

मी पुढे सरकून नीट पाहिलं. अंगावरची खादी प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत दिसत होती. फिल्मवर काढलेल्या चित्रपटात बारीक कण असतात, त्यातच कापडाचं सूत, चेहऱ्याच्या सुरकुत्या दडलेल्या असतात. फाइल छोटी करण्याच्या नादात मी नेमके तेच पुसून टाकले होते. 'गांधी'चे कपडे जॉन मोलोंच्या जोडीने कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी केले होते. त्यासाठी १९८३ मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. आणि मी त्यांचंच काम इस्त्री मारल्यासारखं सपाट करून बाबांपुढे ठेवलं होतं.

बंगळूरला परतल्यावर आवळाआवळी सोडून दिली. मूळ फाइल जशीच्या तशी ४ टीबीच्या हार्ड डिस्कवर ठेवली. माझ्याकडच्या ११ डिस्क त्यात सहज मावल्या. माझा सल्ला हाच, की जागा स्वस्त आहे, चित्र महाग आहे.

कायदा काय म्हणतो

आता दुसरा प्रश्न. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठीच्या वाजवी व्यवहाराला मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी ते उघडणं या कलमाने रोखलेलं नाही. म्हणजे आपल्याकडे प्रश्न हेतूचा आहे. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी मात्र लक्षात ठेवावं, की तिथल्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडण्यालाच मनाई आहे, डिस्क स्वतः विकत घेतलेली असली तरी.

हे सगळं मी वाचलं होतं. तरी चूक झालीच, आणि ती घरातच झाली.

वीस रुपयांचा 'गांधी'

हार्ड डिस्क मी सावरगावला नेली आणि भाच्याच्या हाती दिली. वय २२, हुशार, मदतीला तत्पर. मी निघाल्यावर त्याच्या मित्राने 'दोन दिवसांसाठी' ती मागून नेली. त्या मित्राचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. महिनाभराने बाबांच्या जुन्या सोबत्याने त्यांना कौतुकाने सांगितलं, "तुमच्या पोरीनं आणलेला गांधी मी पण घेतला, वीस रुपयात भरून देल्ला."

बाबांनी त्या रात्री मला फोन केला. ते रागावले की आवाज चढवत नाहीत, उलट हळू बोलतात. म्हणाले, "चाळीस वर्षं डबे मोजून घेतले अन् मोजून परत केले. एक फूट फिल्म कधी घरी नाही आणली. प्रिंट आपली नसते पोरी, सांभाळाले देल्ली असते."

मी म्हटलं, "बाबा, डिस्क मी पैसे देऊन घेतलीय."

"मंग तू पाह्य. मले दाखव. बाजारात कायले नेली?"

बाजारात मी नेली नव्हती, पण प्रत केली मीच आणि ती सोपवली मीच. कुणाला काय सांगायचं, ते सांगितलं नाही मीच. भाचा दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन फायली पुसून आला. तोवर किती पेनड्राइव्ह भरले गेले होते, कोण जाणे. त्याला फार लागलं, दोन दिवस धड जेवला नाही. मीच त्याला समजावलं, की चूक अर्धी माझी आहे.

तेव्हापासून आमच्या घरी नियम ठरला. हार्ड डिस्क बाबांच्या लोखंडी पेटीत राहते. ज्याला पाहायचं त्याने घरी यावं, चहा मिळेल. प्रत मिळणार नाही. मूळ डिस्क बंगळूरला माझ्या कपाटात राहतात. एक जागा बुडाली, जळाली तरी दुसरी आहे.

जपणूक करायची तर दुसरी प्रत हवीच. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं, आणि जानेवारी २००३ मध्ये तिथल्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. जुन्या चित्रपटांची मूळ रिळं त्यात गेली. ज्यांची दुसरी प्रत केलेली होती, तेच आज आपल्याला पाहता येतात. भानू अथैया यांनी तर आपलं ऑस्कर नीट जपलं जावं म्हणून २०१२ मध्ये अमेरिकेतल्या अकादमीकडे परत सोपवलं. वस्तू आपली असली तरी ती आपल्यापुरती नाही, हे त्यांना कळलं होतं.

पोळ्याची रात्र

गेल्या पोळ्याला गेले तेव्हा बैलांची पूजा झाली, पुरणपोळी झाली आणि रात्री सगळे पुढच्या खोलीत बसलो. दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणून बाहेरगावचे पाहुणेही आलेले. भाच्याने हार्ड डिस्क लावली, सबटायटल लावली. बाबांना त्यांची फारशी गरज पडली नाही, संवाद त्यांना हिंदीत पाठ होते. कस्तुरबांच्या भूमिकेतल्या रोहिणी हट्टंगडी दिसल्या की आई दरवेळी म्हणायची, "आपली मराठी हाय ते." (त्या कामासाठी त्यांना बाफ्टा मिळालं होतं.)

मी चित्रपटापेक्षा बाबांकडेच जास्त पाहत होते. ते दर काही मिनिटांनी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्याकडे बघत होते. तासाभराने मला खूण करून जवळ बोलावलं.

"ठिपकाच नाही आला."

"येणार नाही बाबा. रीळ बदलायचंच नाही."

ते जरा वेळ गप्प राहिले. मग खुर्चीत मागे टेकून बसले आणि उरलेला चित्रपट सरळ समोर पाहिला. खादीचं सूत न् सूत दिसत होतं. मध्यंतरात कुणी उठलं नाही.

सकाळी भाच्याकडून त्यांनी हार्ड डिस्क मागून घेतली, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळली, पेटीत ठेवली आणि मला विचारलं, "पुढच्या पोळ्याले काय लावतं?"